सिंकखालची खिट्टी

बुधवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर, क्येंगेरातल्या घरात, पावणेदोन वर्षांच्या लुबेगाने सिंकखालच्या कपाटातून पाण्याची बाटली काढली आणि तोंडाला लावली. बाटलीत पाणी नव्हतं. साबणासाठी कालवलेला कॉस्टिक सोडा होता.

त्या वेळी घरात कोण कुठे होतं हे पुढच्या दोन दिवसांत इतक्यांदा सांगून झालं की सांगणाऱ्यांचे शब्दही ठरून गेले. जज्जा, म्हणजे लुबेगाची आजी, मागच्या अंगणात मटोकेची हिरवी केळी सोलत बसली होती. त्याची सहा वर्षांची बहीण तेंडो पुढच्या ओट्यावर होती. आई नाबोसा म्बालेला, शिक्षकांच्या सुट्टीतल्या वर्गाला गेलेली. आणि बाप, लॉरेन्स कायोंडो, न्देबाच्या लाकूडबाजारात, आपल्या कारखान्यात, कुणा गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराची कपाटं तासत होता.

कपाटाला खिट्टी होती. कायोंडोने स्वतःच्या हाताने बसवलेली. ती मोडलेली नव्हती.

शेजारच्या हाजातीचा फोन आला तेव्हा करवत चालू होती, म्हणून पहिले दोन फोन त्याला ऐकूच आले नाहीत. तिसऱ्याला तो म्हणाला, "हाजाती, चपात्यांचे पैसे संध्याकाळी देतो की!"

"पैसे घाल चुलीत. पोरगा सोडा प्यायलाय. बोडावाल्याच्या मोटरसायकलवर बसलोय आम्ही, मोठ्या हॉस्पिटलात चाललोय. तू सरळ तिकडेच ये."

"किती प्यायला?"

"मला काय माहीत किती? ओठ पांढरे पडलेत. ये!"

मागे कोणीतरी बारीक, ओला आवाज काढत होतं. तो लुबेगाचा आवाज आहे हे कायोंडोला फोन ठेवल्यावर कळलं.

*

नाबोसा शाळेत शिकवायची आणि घरी पातळ साबण करून सलूनवाल्यांना आणि खानावळींना विकायची. सोडा बाजारातून आणायचा, तर दुकानदाराकडे पिंप असतं आणि बाटली गिऱ्हाइकाने न्यायची. सगळे रिकामी पाण्याची बाटली नेतात. बूच हरवलेलं असलं तर दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा कोंबून देतो. नाबोसाच्या बाटलीला बोळाच होता.

लुबेगा चालायला लागला तसा त्याला एकच छंद लागला, दारं उघडायचा. कायोंडोच्या घरात उघडायला दारंही भरपूर होती. इतरांच्या घरात भांडी फळीवर असतात, कोपऱ्यात रचलेली असतात. याने कारखान्यातल्या उरलेल्या फळ्यांमधून घरभर कपाटं आणि खण केले होते. लुबेगाने एकदा सुरीचा खण ओढला, एकदा मिठाचा डबा अंगावर घेतला. मग कायोंडोने शुक्रवारचा अख्खा दिवस घालवून प्रत्येक दाराला आणि खणाला आतून पोलादी पट्टीची खिट्टी बसवली. दार बोटभर ओढायचं, फटीतून बोट आत घालायचं, पट्टी खाली दाबायची आणि दाबलेलीच ठेवून दार ओढायचं. फट त्याने मुद्दाम अरुंद ठेवली होती, पट्टी मुद्दाम कडक.

शनिवारी पहाटे निघताना नाबोसाने सिंकखालची बाटली उचलून हातात धरली होती.

"ही वर ठेवू? फ्रीजवर?"

"मग खिट्ट्या कशाला बसवल्या मी? शोभेला?"

"वर ठेवलेली बरी."

"वरून पडली तर फुटेल, फुटली तर पोरांच्या अंगावर. आत राहू दे. ते दार माझ्या बापालाही उघडायचं नाही."

नाबोसा हसली, बाटली जागेवर ठेवली, खिट्टी लावली आणि बस पकडायला गेली. आपल्या आईला खिट्ट्या दाखवून मगच निघायचं असं तिने ठरवलं होतं. पण आईची मसाकाहून येणारी टॅक्सी वाटेत पंक्चर झाली आणि बस कोणासाठी थांबत नाही.

कामाला असलेली मुलगी गावी गेली होती. म्हणून जज्जा यायची होती. आणि जज्जा राहायला येणार म्हणजे कायोंडोने घराबाहेर जायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. सासू आणि जावई एका छपराखाली झोपत नाहीत, एका खोलीत बसत नाहीत, समोरासमोर येत नाहीत. हात लागला तर अंगात कंप भरतो आणि जन्मभर जात नाही, असं मानतात. मानत नाही म्हणणारेही पाळतात. कायोंडोने शनिवारी चटई गुंडाळली आणि ती कारखान्यात भुशावर टाकली. संध्याकाळी घरापाशी यायचं, लागेल ते सामान ओट्यावर ठेवायचं, भिंतीच्या अलीकडून विचारपूस करायची आणि परतायचं, असा बेत होता.

खिट्ट्या दाखवायच्या राहिल्या होत्या. तेव्हा शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आत जज्जा होती.

"प्रवास कसा झाला, न्याबो?" बाईसाहेब म्हणावं तशा मानाने त्याने विचारलं.

"देवाने आणलं, सेबो. घरात सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. न्याबो, जरा ते दार ओढून बघा."

"कुठलं दार?"

"सिंकखालचं."

"इथे चार दारं आहेत, सेबो, आणि मला तर सगळीच सिंकखालची दिसतायत. एवढी कपाटं कशाला? भांडी तर पाचच आहेत."

"डावीकडचं. थोडंसं ओढा. अडकेल."

"अडकलं."

"आता फटीतून बोट घाला. आत पट्टी लागेल. ती खाली दाबायची."

आतून बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. भिंतीपलीकडच्या अंगणात हाजाती चपातीची कणीक मळत होती. तिने मान उंचावली.

"कायोंडो, भिंतीशी काय बोलतोयस? बायको जाऊन अर्धा दिवस नाही झाला!"

"सासूबाईंना खिट्टी शिकवतोय."

"शिकव बाबा. माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत मला साधी कडी शिकवली नाही. बाहेरून लावून घेतो आणि जातो."

आत जज्जा हसली असावी, कारण खुडबुड थांबली. मग ती म्हणाली, "सेबो, माझं बोट आतच जात नाही. जन्मभर केळी सोलून हे असं जाड झालंय. तुम्ही बायकोच्या बोटाच्या मापाने फट ठेवलीत, माझ्या नाही."

"करंगळी घालून बघा."

"करंगळी जाते, पण तिच्यात दाबायचा जोर नाही."

तो आत जाऊन दाखवू शकत नव्हता. ती बाहेर आली तर त्याला पुढच्या बाजूला जावं लागलं असतं, आणि मग दाखवणार कुणाला? हाजातीचे हात कणकेत होते. कायोंडोला नामी युक्ती सुचली. खिट्टीचा नमुना म्हणून केलेला एक तुकडा त्याच्या पिशवीत होता, छोट्या फळीवर, वीतभर दारासकट बसवलेला. त्याने तेंडोला ओट्यावर बोलावलं, तुकडा तिच्या मांडीवर ठेवला.

"बोट घाल. असं. आता दाब. सोडू नकोस. आता ओढ."

पहिल्यांदा पट्टी निसटली. दुसऱ्यांदाही. मग तिने जीभ ओठांत धरली आणि तुकडा उघडला. त्याने तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, न बघता येईपर्यंत. तेंडोचं बोट फटीत असं जायचं जणू फट तिच्यासाठीच कापली होती.

"जा, आता जज्जाला उघडून दाखव."

ती पळाली. क्षणात आतून जज्जाचा आवाज आला, "उघडलं! एका दमात उघडलं, सेबो! ही पोर तुमचीच."

"तिलाच सांगत जा, न्याबो. ती उघडून देईल."

"हो, हो. मला किल्ली मिळाली. चालती बोलती."

कायोंडोने कानावरची पेन्सिल काढून तेंडोच्या कानावर लावली आणि हाजातीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "सहा वर्षांची सुतारीण बघितलीत का कुणी?"

त्या संध्याकाळी कारखान्याकडे जाताना तो खुशीत होता.

*

हॉस्पिटलात लुबेगा तोंडाला कोणालाच हात लावू देत नव्हता. खालचा ओठ सुजून उलटला होता. लाळ गळत होती, कारण ती गिळता येत नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलताना लपवाछपवी करत नव्हत्या.

"तोंड भाजलंय ते भरून येईल. प्रश्न आतल्या नळीचा आहे, जिच्यातून अन्न पोटात जातं. ती किती भाजली हे आज बघता येत नाही. सूज थोडी उतरली की शुक्रवारी दुर्बीण घालून बघू. तोवर तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबही नाही. सगळं सलाईनमधून."

"भरून येते का ती?"

"कधी येते. कधी भरताना आकसते, आणि मग बंद होते."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे गिळता येत नाही. शुक्रवारी बोलू."

पलंगाजवळ एकाच माणसाला बसू देत. जज्जा बसली होती, कारण लुबेगा तिच्या गोमेसीवर, पायघोळ झग्यावर, घेतलेल्या कापडाचा पदर सोडत नव्हता. कायोंडोला मुलाजवळ जायचं असलं की आधी हाजाती आत जाऊन सांगायची, मग जज्जा डोक्यावरून पदर ओढून दुसऱ्या दाराने बाहेर पडायची, मग तो आत जायचा. आजी उठली की लुबेगा हुंदके द्यायचा. घशातून आवाज निघत नव्हता, नुसता चेहरा रडायचा. बापाला बघून तो थोडा शांत व्हायचा आणि मग दाराकडे बघत राहायचा. तेवढ्यात बापाची पाळी संपायची.

"मी तुमच्या दोघांच्या मधली भिंत झालेय," हाजाती बाहेर येऊन म्हणाली. नेहमीच्या सवयीने ती थट्टेने बोलली, पण ते बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. "बस इथे. तोंड बघ तुझं. काही खाल्लंस?"

दुपारनंतर तो कपडे आणायला घरी गेला.

स्वयंपाकघरात फरशीवर, घाईत पोराला पाजायला घेतलेलं दूध सांडून वाळलं होतं. बाटली कोणीतरी बाहेर नेऊन ठेवली होती. कायोंडो सिंकपाशी गुडघ्यांवर बसला. दार मिटलेलं होतं. त्याने ओढलं, अडकलं. बोट घातलं, दाबलं, उघडलं. मग दार हळू लोटलं. दार फळीला जाऊन टेकलं आणि मिटल्यासारखं दिसलं. त्याने एका बोटाने ओढलं. ते उघडलं.

त्याने पुन्हा लोटलं, या वेळी तळव्याने जोर लावून. टक् असा आवाज झाला. आता ते ओढून उघडेना.

पट्टी कडक होती. इतकी कडक की दार नुसतं टेकवलं तर ती पकडतच नव्हती. मोठ्या माणसाचा हात दार लोटतो तेव्हा तेवढा जोर आपोआप लागतो, म्हणून बसवताना त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

तेंडो हाजातीच्या घरात होती. तिच्यापुढे भाताची ताटली तशीच होती. तो तिच्याजवळ चटईवर बसला.

"ताता, लुबेगा येणार का आज?"

"आज नाही."

ती ताटलीकडे बघत म्हणाली, "जज्जाने घासणी मागितली. मी काढून दिली. मग मी दार लावलं."

"हो."

"लावलं मी. पण टक् झालं नाही."

त्याने ताटली तिच्याकडे सरकवली.

"तुम्ही त्या तुकड्यावर दाखवलंत ना, तेव्हा तुम्ही लावत होतात आणि मी उघडत होते. टक् तुम्ही करत होतात." तिने पहिल्यांदाच वर बघितलं. "टक् व्हायला पाहिजे होतं का?"

कायोंडोला आठवलं. तुकडा दरवेळी त्यानेच मिटून तिच्या मांडीवर परत ठेवला होता. तिला उघडायला शिकवलं, बंद करायला शिकवलंच नाही.

"नाही," तो म्हणाला. "पट्टी खराब होती. मीच खराब पट्टी लावली. तू बरोबर केलंस."

"मग टक् कसला असतो?"

"तो नुसता आवाज. भात खा."

तिने भात खाल्ला नाही. त्याने घरी जाऊन स्क्रू काढला, पट्टी उचकटून खिशात टाकली आणि जाता जाता नाल्यात फेकली.

नाबोसाचा फोन संध्याकाळी लागला. परीक्षेच्या दिवशी फोन काढून घेतात. तेव्हा शेवटची बस गेलेली होती. त्याने तिला एवढंच सांगितलं की लुबेगाने सोड्याचं पाणी तोंडाला लावलंय, हॉस्पिटलात आहे, डॉक्टर बघतायत.

"कुठली बाटली?" तिने विचारलं.

"सिंकखालची."

बराच वेळ फोनवर फक्त म्बालेच्या रस्त्याचा आवाज येत राहिला.

*

गुरुवारी सकाळी लुबेगाची सुई निघाली. हात सुजला होता आणि सलाईन शिरेऐवजी मांसात जात होतं. सिस्टर अकेलो नवी शीर शोधत होती. उत्तरेकडची, उंच, फटकळ बाई. हाजाती तेंडोला आंघोळ घालायला घरी गेलेली. शेजारच्या पलंगावरची एक बाई मदतीला उठली. पण परका हात लागताच लुबेगा असा उसळला की मिळालेली शीर फुटली.

सिस्टर दारात आली. कायोंडो बाहेर बाकावर होता.

"तुम्ही बाप ना? आत या. पाय धरा. आजी डोकं धरेल."

"सिस्टर, ती माझी सासू आहे."

"बरं, मग?"

"आमच्यात सासू-जावई..."

"मला ठाऊक आहे तुमच्यात काय असतं. तीन वर्षं आहे मी इथे." तिने हातमोजा ताणला. "या पोराच्या पोटात काल सकाळपासून काही गेलेलं नाही. जे जातंय ते या सुईतून. मला चार हात हवेत, आणि ओळखीचे हवेत. तुम्ही ठरवा, पण लवकर."

आतून जज्जाने ऐकलं होतं. ती उठून दुसऱ्या दाराकडे गेली नाही. पदर डोळ्यांपर्यंत ओढून ती पलंगाच्या उशाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

कायोंडो आत गेला आणि पायथ्याशी उभा राहिला. त्याने फक्त मुलाचे पाय बघितले. जज्जाने फक्त मुलाचं डोकं बघितलं. दोघं वाकली. लुबेगाने आजी आणि बाप एकदमच जवळ कधी बघितले नव्हते. तो थबकला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला.

"आता," सिस्टर म्हणाली. सुई लागली तसा तो ताठ झाला, आणि कायोंडोने एका हाताने पाय धरून दुसरा हात लांबवून त्याचा खांदा दाबला. "खांदा दाबा, आजी. तिथे नाही. त्यांच्या हातावर हात ठेवा, तिथेच. सोडू नका. कोणीही सोडू नका."

जज्जाचा हात कायोंडोच्या हातावर पडला. जाड, उबदार, केळ्याच्या चिकाने काळा पडलेला हात. तो थरथरत होता. कायोंडोचाही थरथरत होता. खाली लुबेगाचा खांदा होता, आणि तिघांत कोण थरथरतंय हे सांगता आलं नसतं.

"मिळाली," सिस्टर म्हणाली.

तिने पट्ट्या लावल्या तरी दोघांनी हात काढले नव्हते. मग जज्जाने काढला, पदराखाली घेतला आणि ती बाहेर गेली. कायोंडो मुलाजवळ थांबला. थोड्या वेळाने, लुबेगा ग्लानीत गेल्यावर, तो बाहेर आला. जज्जा बाकाच्या एका टोकाला भिंतीकडे वळून बसली होती. उठली नाही. तो दुसऱ्या टोकाला बसला.

"आता व्हायचं ते होऊ दे, सेबो," ती भिंतीला म्हणाली. "म्हातारपणी नाहीतरी हात थरथरतातच."

"न्याबो, तुमची काही चूक नाही. खिट्टीच खराब होती."

जज्जाने पदराखालचा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"मी सोलत बसले होते," ती म्हणाली. "मला वाटलं पोर ओट्यावर बहिणीपाशी आहे. बहिणीला वाटलं माझ्यापाशी आहे. आणि दाराला खिट्टी आहे, तेव्हा मी निर्धास्त. खिट्टी नसती तर मी त्याला पाठीला बांधूनच बसले असते, कायोंडो. सगळी पोरं मी पाठीला बांधून वाढवली."

तिने त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"आणि खिट्टी खराब नव्हती," ती म्हणाली. "मी बघितलं, पोरीने दार कसं लोटलं ते. बघून पुन्हा केळ्यांकडे गेले. तिला कोणी सांगू नये एवढंच बघा. विचारलं तर मी उघडलं म्हणून सांगेन."

"मी पट्टी खराब होती म्हणून सांगितलंय तिला."

"मग ठीक."

*

नाबोसा गुरुवारी दुपारी आली. पिशवी खांद्यावरच होती. ती आधी आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. लुबेगाने तिला बघून दूध मागितलं होतं, तोंडाने नाही, हाताने, नेहमी मागायचा तसं. तिने त्याचा हात धरून ठेवला होता.

ती बाकासमोर उभी राहिली. आईला वाकून नमस्कार करायचं तिला सुचलं नाही.

"उघडलं कोणी?"

"मी," जज्जा म्हणाली. "घासणी काढली आणि दार उघडंच राहिलं."

"पट्टी खराब होती," कायोंडो त्याच क्षणी म्हणाला. "आपोआप सुटली. मी ती फेकूनही दिली."

नाबोसाने आईकडे बघितलं. आईची जाड बोटं मांडीवर होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. मग तिला दिसलं की दोघं एकाच बाकावर बसलीत आणि कोणी उठत नाही. तिच्या चेहऱ्यावरून कायोंडोला कळलं की ती हिशेब जुळवतेय: घरात आणखी कोण होतं, कुणाचं बोट त्या फटीत जातं.

त्याला वाटलं ती आता बाटलीचं बोलेल. वर ठेवू का म्हणून विचारलेलं काढेल. तो ते ऐकायला तयार होता. जवळजवळ वाट बघत होता.

"तेंडो कुठे आहे?" तिने विचारलं.

"हाजातीकडे."

"तिला कोणी काही बोललं?"

"नाही."

"कोणी बोलायचं नाही. या घरात नाही, गावात नाही, लग्नात नाही, मयतीत नाही. कधीच नाही." मग ती जमिनीवर, आईच्या गुडघ्यांशी बसली. "सोडा मी आणला होता, आई. बूच नव्हतं. मी म्हटलं, चालेल."

जज्जाने तिचं डोकं पदरात घेतलं. कायोंडोला उठून बायकोजवळ जावंसं वाटलं, पण तिथे आता सासूही होती, आणि सकाळचा हात पोरासाठी होता. तो बाकाच्या आपल्या टोकाला बसून राहिला.

*

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास लुबेगाला दुर्बिणीसाठी आत नेलं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या की नळी उघडी दिसली तर पुढच्या आठवड्यात थेंब थेंब पाणी देऊन बघता येईल. दिसली नाही तर पोटाला भोक पाडून तिथून अन्न द्यावं लागेल, आणि मग पुढचं पुढे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या.

तिघं बाहेर होती. नाबोसा मधे बसली होती.

साडेतीनच्या पुढे हाजातीचा फोन आला. "बोल हिच्याशी. ऐकत नाही. सकाळपासून एक घास घेतलेला नाही. म्हणते तो खात नाही तर मी का खाऊ. मी ओरडले, लाडीगोडी लावली, चपातीत अंडं गुंडाळून दिलं. तुझीच पोर आहे ही, हट्टी."

तेंडो फोनवर आली.

"ताता, लुबेगा गिळतो का आता?"

कायोंडोने बंद दाराच्या काचेकडे बघितलं. काचेवर आतून पांढरा कागद चिकटवलेला होता.

"आत बघतायत," तो म्हणाला. "अजून कळलं नाही."

"कधी कळेल?"

"कळलं की सांगतो."

"मी थांबते मग," ती म्हणाली, आणि फोन तसाच धरून राहिली.

चार वाजले तरी आतून कोणी बाहेर आलेलं नव्हतं.